खंबाटकी उतरल्यावर येणारी झोप

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ हिंजवडीत नोकरीला आहे आणि दर शुक्रवारी रात्री काम आटपून स्वतःच्या गाडीने एकटा कराडला येतो. परवा पाचवडच्या पुढं त्याचा डोळा लागला, गाडी डिव्हायडरला घासली आणि तेवढ्यावर निभावलं. आता तो म्हणतो, "वाटेत चहा घेईन, काचा खाली ठेवीन, गाणी मोठ्यानं लावीन." एवढ्यानं भागेल का, आणि गाडीत झोप ओळखणारं यंत्र बसवून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

चहानं भागणार नाही. यंत्राचं शेवटी सांगतो.

मी चोवीस वर्षं रात्रीच्या गाड्या चालवल्या. आधी तासगावची द्राक्षं घेऊन वाशी मार्केटला चारशे सात, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, नंतर दहा चाकी. गेली काही वर्षं साताऱ्यात नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. डॉक्टर नाही, पण झोप या विषयात माझी बरीच फी भरून झालेली आहे.

आधी तुमच्या भावाचा शुक्रवार मोजू. सकाळी सातला उठला. दिवसभर स्क्रीनसमोर. साडेनऊला निघाला, नवले पुलापर्यंत ट्रॅफिकमध्ये तास गेला. शिरवळच्या आसपास हॉटेलात जेवला, आणि आठवड्याचा शीण म्हणजे थोडं जास्तच जेवला. खंबाटकी चढून उतरेपर्यंत बारा वाजले. म्हणजे सुरूर फाट्याला तो सतरा तास जागा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हेच मोजलं होतं. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळा रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच चालतो. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. तुमचा भाऊ थेंबभर न पिता त्या रेषेच्या पलीकडे गेलेला असतो, आणि कुठलाही पोलीस त्याच्या तोंडापुढं मशीन धरून ते पकडू शकत नाही.

आता पाचवडच का, ते बघा. लोक मला म्हणतात, "घाटात जपून चालवतो हो, झोप येत नाही." घाटात कुणालाच येत नाही! खंबाटकीच्या चढाला गियर बदलायचे, वळण बघायचं, पुढं कण्हत चाललेला कंटेनर, मागून डिपर मारणारी ट्रॅव्हल्स. अंगातली सगळी भीती जागी असते. घाट उतरून वेळं मागं पडलं की रस्ता मोकळा आणि सरळ होतो. हात सैल पडतात, खांदे खाली येतात आणि मनात येतं, आलं आता, आपल्या मुलखात आलो. तिथून भुईंज, पाचवड, उडतारे, आनेवाडीचा टोल, हा पट्टा झोपेचा आहे. कराडकडे जाणाऱ्याला दुसरा पट्टा नागठाणे ते उंब्रज. वाईट रस्ता माणसाला जागं ठेवतो आणि चांगला रस्ता झोपवतो. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हापासून 'हायवे हिप्नोसिस' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, पण आम्ही त्याला आधीपासून 'तार लागणे' म्हणायचो. डोळे उघडे, हात स्टेरिंगवर आणि माणूस घरात नाही.

आणि ही तार लागते किती वेळ? चार सेकंद. ताशी शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. चार सेकंदांत एकशे दहा मीटरच्या वर. नऊ-दहा एसट्या एकामागोमाग उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल तेवढं अंतर गाडी ड्रायव्हरविना चालली.

माझी फी मी दिवसा भरली, रात्री नव्हे. २००६ चा फेब्रुवारी, द्राक्षाचा हंगाम. आदल्या दुपारी माल भरला, रात्रभर चालवून पहाटे वाशीला उतरवला, हिशेबाला वेळ लागला आणि मालकाचा निरोप आला की संध्याकाळी पुन्हा भरायचंय, रिकामे क्रेट घेऊन लगेच या. मी आलो. नीरेचा पूल ओलांडेपर्यंत ठीक होतो. दुपारी अडीचच्या सुमाराला भुईंजच्या अलीकडं पुढं उसाची जोड ट्रॉली चाललेली दिसली, लांब, बारीक. पुढची गोष्ट मला आठवते ती टायरखाली खडी वाजल्याची. डोळे उघडले तर समोर काच नव्हती, ऊस होता. ट्रॉलीच्या मागं लोंबणाऱ्या मोळीतली चार-पाच कांडकी काच फोडून आत आली होती, आणि डावीकडं झोपलेल्या आमच्या क्लीनरच्या गळ्याचं हाड मोडलं होतं. त्याचं वय एकोणीस. कॅबिनमध्ये रसाचा वास भरला होता. त्यानंतर किती वर्षं मी रसवंतीवर थांबलो नाही.

मी पोलिसांना काय सांगितलं? "ब्रेक लागला नाही साहेब." मालकालाही तेच. झोपलो म्हणायची लाज वाटली, आणि काम जाईल ही भीती होतीच. कागदावर आलं, 'वाहनावरील ताबा सुटल्याने'. पेपरात तुम्ही हे शब्द रोज वाचता. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी ताबा सुटलेला नसतो, डोळा लागलेला असतो.

जुन्या हवालदारांना मात्र फसवता येत नाही. माझा जबाब लिहून घेणारे गृहस्थ रस्त्यावर चालत मागं गेले, परत आले आणि एवढंच म्हणाले, "काळं काही दिसत नाही." जागा माणूस धडकायच्या आधी ब्रेक दाबतो किंवा स्टेरिंग ओढतो, आणि टायरच्या खुणा डांबरावर राहतात. झोपलेल्याच्या गाडीची खूण नसते. गाडी हळूच एका बाजूला सरकत गेलेली असते, एका रेषेत, वेग न घटवता. म्हणून झोपेचे अपघात संख्येनं कमी दिसले तरी जबर असतात. पूर्ण वेगानं धडक बसलेली असते.

इंग्लंडातलं एक प्रकरण मी दर बॅचला सांगतो. २८ फेब्रुवारी २००१, यॉर्कशरमधला एम ६२ मोटरवे. रात्रभर जवळजवळ न झोपलेला एक माणूस पहाटे जीप आणि मागं ट्रेलर घेऊन निघाला. गाडी मोटरवेवरून घसरली, उतारावरून खाली रेल्वेच्या रुळांवर गेली. तिला पॅसेंजर गाडी धडकली, आणि रुळांवरून उतरलेल्या त्या पॅसेंजरला समोरून येणारी मालगाडी. दहा माणसं गेली. जीपवाला स्वतः बाहेर पडला होता, वाचला. कोर्टात तो शेवटपर्यंत झोपलो नव्हतो म्हणत राहिला, गाडीत काहीतरी बिघडलं म्हणाला. तपास करणाऱ्यांनी चेंदामेंदा झालेली जीप तुकडा तुकडा जोडून पाहिली. बिघाड काही निघाला नाही, आणि उतारावर ब्रेक दाबलेला नव्हता. पाच वर्षांची शिक्षा झाली. ते वाचलं तेव्हा मला माझं "ब्रेक लागला नाही साहेब" आठवलं. भाषा वेगळी, सबब तीच.

आता भावाच्या उपायांकडे येतो.

काच खाली केल्यानं गार वारा लागतो, पाच-दहा मिनिटं बरं वाटतं. गाण्याचं तसंच. ब्रिटनमध्ये गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर हे दोन्ही तपासून झालंय, उपयोग क्षणभराचा आणि नावापुरता. तोंडावर पाणी, डोळ्यांखाली बाम, तंबाखूची चिमूट, फुटाणे चावत राहणं, हे सगळं मी केलंय. बामानं डोळे झोंबतात, झोंबणाऱ्या डोळ्यांनीही झोपता येतं. एक गोष्ट मात्र खरी आहे: सगळ्या काचा बंद, एसीची हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलेलं आणि गाडीत चार माणसं, अशानं आतली हवा कोंदून जडपणा वाढतो. बाहेरची हवा येऊ द्यावी. पण ती झोपेवरचं औषध नव्हे.

चहाचं सांगतो. टपरीवरचा कटिंग म्हणजे साखर आणि दूध, कॅफिन त्यात बेताचंच. कडक कॉफी बरी, पण ती रक्तात चढायला वीस ते तीस मिनिटं लागतात. माणूस काय करतो? कप ठेवला की लगेच चावी फिरवतो, आणि कॉफी अंगात यायच्या आत वीस-पंचवीस किलोमीटर पुढं गेलेला असतो. झोपाळू अवस्थेतच.

उपाय एकच, झोप. आणि तीही मोजून. आम्ही पोरांना असं शिकवतो. पहिली जांभई आली की नव्हे, आत्ता मागं पडलेलं गाव आठवेनासं झालं की थांबायचं. कडेच्या पट्टीवर अजिबात नाही. अंधारात रस्त्याकडेला उभी गाडी ही मागून येणाऱ्या दुसऱ्या झोपाळू माणसासाठी लावलेला सापळाच. उजेडाचा पेट्रोल पंप, हॉटेलचं पार्किंग, टोल नाक्यापुढची मोकळी जागा बघायची. कॉफी घ्यायची ती आधी, झोपायच्या आधी. इंजिन बंद, दारं लॉक, काच दोन बोटं खाली, सीट मागं, बूट काढायचे (बूट काढले की अंगाला कळतं आता खरंच झोपायचंय). मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर, आणि मोबाइल हाताला लागणार नाही इतका लांब, नाहीतर झोपेत बंद करून माणूस सकाळी सहाला उठतो. झोप लागली नाही असं वाटलं तरी डोळे मिटून पडायचं. गजर होईतो कॉफी चढायला लागलेली असते. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपला तर गाढ झोपेतून उठल्यासारखं डोकं दगड होतं, तेही नको. किंवा मग सरळ दोन-तीन तास झोपायचं. उठल्यावर लगेच हायवेला लागायचं नाही. उतरायचं, गाडीला एक फेरी मारायची, टायर बघायचे, लघवीला जाऊन यायचं. दहा-पंधरा मिनिटं गेली की मग चावी.

ब्रिटनच्या रस्त्याच्या नियमपुस्तकातही जवळजवळ हेच लिहिलंय: दर दोन तासांना किमान पंधरा मिनिटं थांबा, झोप येत असेल तर दोन कप कॉफी आणि डुलकी. तिथल्या मोटरवेवर याच्या पाट्या लावलेल्या असतात.

एवढं करून मिळतं काय? तासाभराची मुदत. साताऱ्यात थांबून वीस मिनिटं झोपला तर कराड गाठेल. पुण्यात वीस मिनिटं झोपून मी कोल्हापूरपर्यंत ताजा, असा हिशेब नाही.

जांभईवर जाऊ नका म्हटलं, कारण जांभई लोकांना विनोद वाटते. मी पोरांना तीन गोष्टी विचारतो. मागचं गाव कुठलं गेलं? गाडीचा काटा वर-खाली होतोय का, म्हणजे शंभर, मग ऐंशी, मग दचकून एकशे दहा? आणि कडेच्या पट्टीवर टायर जाऊन घर्र आवाज आला का? एकाचं उत्तर चुकलं तरी गाडी बाजूला. मान खाली पडून झटक्यानं वर आली असेल तर विचारायचंच नाही, तेव्हा माणूस एकदा झोपून उठलेला असतो.

शेजारी बसणाऱ्या घरच्यांनाही हेच सांगतो. "झोप आलीय का?" असं नवऱ्याला, भावाला कधी विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, "छे!" तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच कळत नसतं. झोपाळलेलं डोकं स्वतःची झोप मोजायला बसलंय, माप चुकणारच. विचारा, "आता कुठलं गाव गेलं?" दोन सेकंद थांबून "अं..." आलं की थांबवा. आणि गाडीतल्या सगळ्यांनी झोपायचं आणि ड्रायव्हरने एकट्याने जागायचं, ही आपल्याकडची रीत फार वाईट. पुढच्या सीटवरच्याने जागं राहायचं, नाहीतर मागं जायचं.

जाता जाता देवदर्शनाच्या गाड्यांवर बोलतो, कारण राहवत नाही. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची, संध्याकाळी निघायचं, एका रात्रीत तीन देव करायचे आणि सकाळी कामाला हजर. मंडळी दर्शनाच्या रांगेत असतात तेव्हा ड्रायव्हर स्टेरिंगवर डोकं टेकून अर्धा तास पडतो, तर कुणीतरी येऊन काच वाजवतं, "मामा, एसी लावा ना जरा." लग्नातही तेच. वऱ्हाडाला खोल्या, ड्रायव्हरला गाडी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. युरोपात तर साडेचार तासांनंतर पाऊण तास, आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. आपल्याकडे ही नोंद ठेवायची कुणी, भाडं देणाऱ्यानं? त्यानं निदान ड्रायव्हरला एक गादी तरी विचारावी.

दोन गोष्टी भावाला नक्की विचारा. सर्दीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, अंगाला खाज येते म्हणून काही घेतो का? त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झापड येते आणि ती दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळते. दुसरं, तो घोरतो का? जोरात घोरणं, मधेच श्वास अडकून दचकणं, रात्रभर झोपूनही दिवसा पेंग, असं असेल तर छाती-फुप्फुसाच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे एक जण होता, जाड मानेचा, चहाच्या बाकड्यावर बसल्या बसल्या झोपायचा. सगळे त्याला आळशी म्हणायचे, मीही म्हटलं. तपासात झोपेत श्वास थांबण्याचा आजार निघाला. आता रात्री नाकाला मास्कचं मशीन लावून झोपतो आणि मला गाडीत जागं ठेवतो.

आता यंत्र. नव्या गाड्यांत स्टेरिंगच्या हालचालीवरून किंवा चेहऱ्यासमोरच्या कॅमेऱ्यावरून झोप ओळखून आवाज देणारी सोय येते, बाहेरूनही बसवता येते. बसवायला हरकत नाही. पण मी पाहिलंय ते असं: यंत्र वाजतं, माणूस दचकतो, दचकल्यामुळे दोन मिनिटं तरतरी येते, आणि त्याला वाटतं झोप गेली. तिसऱ्यांदा वाजलं की तो आवाज कमी करतो. यंत्र वाजलं म्हणजे पुढच्या उजेडाच्या जागी थांबायचं, हे आधी ठरलं असेल तरच पैसे वसूल.

आणि ठरवायचं ते हिंजवडीत, पाचवडला नव्हे. पाचवडला ठरवणारं डोकं अर्धं झोपलेलं असतं. त्याला माझा निरोप द्या: शुक्रवारी रात्री निघूच नकोस. जेव, झोप, शनिवारी पहाटे साडेपाचला निघ. त्या वेळी नवले पुलावर गर्दी नसते, नाश्त्याला तू कराडात असशील. कधी रात्री निघणं अगदीच भाग पडलं तर संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दीड तास झोपून मग निघ, वाटेत हलकं खा, आणि साताऱ्याला वीस मिनिटांचा गजर लाव. शेंद्रेच्या पुढं रस्ता रुंद करण्याच्या कामामुळं जागोजागी वळवलेली वाट लागते, आणि साखर कारखाने चालू असताना दिवे-रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, तिथं अर्ध्या डोळ्यानं जायचं नाही.

तुमच्याकडून एक काम आहे. तो निघाला की घरून फोन सुरू होतात, "कुठवर आलास, आई जेवायची थांबलीय." ते बंद करा. गाडी चालवणाऱ्याला फोन नकोच, आणि आई उपाशी थांबलीय हे कळल्यावर कुणाचा मुलगा आनेवाडीला गाडी बाजूला घेऊन झोपेल? आईंना जेवून झोपायला सांगा. किल्ली कुंडीखाली ठेवा.